तक्तेश्वरांची तांबडी ओळ

त्या विद्यापीठात डेटाबेस डिझाइन, म्हणजे माहितीचे तक्ते बांधणं, शिकवणारे जे सर होते, त्यांना मुलं पाठीमागे तक्तेश्वर म्हणत. समोर म्हणायची कोणाची टाप नव्हती. सरांची तुच्छता इतक्या वरच्या दर्जाची होती, की त्यांनी नुसतं रोखून बघितलं तर खडू लाजेने आपोआप मोडायचा. वर्गातलं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असे. तास लवकर संपावा म्हणून तेसुद्धा धडपडतंय, असं शिपाई सांगायचा. खिडकीतल्या कुंडीत तीनदा रोपं लावून झाली. तिन्ही वेळा सर म्हणाले, "हे जगणार नाही," आणि तिन्ही रोपांनी सरांचा शब्द खाली पडू दिला नाही.

माणसांच्या बाबतीतही सरांचं भाकीत असंच ठरलेलं. वर्षाच्या पहिल्या तासाला हातातली पट्टी टेबलावर आपटून ते म्हणत, "तुमच्यातल्या काही जणांना डिझाइन येईल. उरलेल्यांना येणार नाही. आणि ज्याला पहिल्यांदा आलं नाही त्याला जन्मात येत नाही. एकदा नापास तो कायम नापास. हा माझा सिद्धांत आहे, आणि त्याला अकरा वर्षांचा पुरावा आहे."

गंमत म्हणजे पुरावा खरा होता. अकरा वर्षांत सरांच्या विषयाच्या फेरपरीक्षेला बसलेला एकही जीव पास झाला नव्हता. हुशार नाही, कष्टाळू नाही, वशिल्याचाही नाही. दरवर्षी सात-आठ जण बसत, यादी लागे, सगळ्यांच्या नावापुढे नापास. मग ती मंडळी मान खाली घालून 'कार्यालयीन पत्रव्यवहार' नावाचा सोपा विषय घेत आणि कशीबशी पदवी पदरात पाडून निघून जात. उत्तरपत्रिका दाखवा म्हणून अर्ज करायची सोय होती, पण त्या अर्जावर सरांची सही लागे. सरांचं पेन तेवढ्यापुरतं नेमकं वाळलेलं असे.

गुणांची नोंद ठेवायला सरांनी अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने एक प्रोग्राम बनवला होता. परीक्षा विभागाच्या प्रोग्रामला ते 'भंगाराचं दुकान' म्हणत. सर प्रत्येक प्रश्नाला गुण देत, विभागाचा कारकून ते आकडे संगणकात भरे, बेरीज प्रोग्राम करी. सर स्वतः कधी बेरीज करत नसत. "बेरीज हे यंत्राचं काम," ते म्हणत. "माझं काम विचार करण्याचं."

विचार कुठे करत, हे कोणाला कळलं नव्हतं.

तर एका सोमवारी विभागप्रमुख बाईंनी सरांना बोलावून घेतलं. या बाई एके काळी सरांच्याच विद्यार्थिनी. सरांनी त्यांना भर वर्गात 'तू काय दिवे लावणार' म्हणून विचारलं होतं. आता त्यांना 'मॅडम' म्हणताना सरांच्या घशात माशाचा काटा अडकल्यासारखं होई.

"सर, अकरा वर्षं फेरपरीक्षेचा निकाल शून्य आहे," बाई म्हणाल्या. "वरून विचारणा झालीय. यंदा सात जण आहेत. तीन आठवडे त्यांना वेगळं शिकवा. सातांतला एक तरी पास झाला पाहिजे."

"आणि नाही झाला तर?"

"तर हा विषय बंद. तुमच्याकडे कार्यालयीन पत्रव्यवहार देऊ."

सरांच्या डोळ्यांपुढे उरलेलं आयुष्य उभं राहिलं. सकाळी दहाला 'आपला विश्वासू', अकराला 'कळावे, लोभ असावा'. ज्या खड्ड्यात त्यांनी अकरा वर्षं माणसं ढकलली, त्याच्या तळाशी आता त्यांचीच खुर्ची मांडली जाणार होती.

"दगडांना पोहायला शिकवा म्हणताय, मॅ… मॅडम."

"तीन आठवडे आहेत, सर."

घरी येऊन त्यांनी बायकोला हे सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तीस वर्षं सरांबरोबर काढलेली असल्यामुळे तिला त्यांचं भय उरलं नव्हतं.

"मग शिकवा की."

"अगं, नापास झालेली माणसं ती! एकदा नापास तो…"

"गाडीच्या परीक्षेत किती वेळा बसला होतात तुम्ही?"

सर चष्मा पुसू लागले.

"पाचव्यांदा पास झालात. चौथ्या वेळी तर परीक्षा घेणारा साहेब गाडीतून उतरून पायी गेला होता."

"ते वेगळं."

"हो, वेगळंच. तुमचं ते नशीब वाईट, दुसऱ्याचं ते डोकं वाईट." तिने एक मोजा हातात घेऊन दुसरा शोधायला सुरुवात केली.

वर्ग सुरू झाला. तळमजल्यावरची ओल आलेली खोली, सात बाकं, सात माणसं. पहिल्या बाकावर चाळिशी उलटलेली एक नर्स बसे. ती इस्पितळातली रात्रपाळी संपवून थेट येई. तिथल्या नोंद विभागाची मुख्य होण्यासाठी तिला पदवी आणि नेमका हाच विषय हवा होता. बाकीचे तिला सिस्टर म्हणत. शेवटच्या बाकावर एक तरुण बसे, तो दर दोन मिनिटांनी जांभई देई, म्हणून त्याचं नावच जांभई. त्याच्या वडिलांचं केशकर्तनालय होतं. मधले पाच जण मान खाली घालून बसत. नापास झालेल्या माणसाला मान ही जड वस्तू होते.

सरांनी फळ्यावर ग्रंथालय काढलं. बावीस वर्षं ते ग्रंथालयच काढत आले होते. एक तक्ता वाचकांचा, एक पुस्तकांचा, आणि मधला कोणी काय नेलं त्याचा. "मधल्या तक्त्यात एक वाचक आणि एक पुस्तक मिळून एक ओळ," सर म्हणाले. "ही जोडी म्हणजे त्या ओळीची प्रायमरी की. ज्या खुणेवरून एक ओळ दुसरीपासून वेगळी ओळखायची, ती खूण. तीच जोडी पुन्हा आली तर तक्ता ती आत घेत नाही. समजलं? नाही समजलं. पुढे."

सिस्टरने हात वर केला. "सर, तोच वाचक तेच पुस्तक परत घेऊन गेला तर?"

"शहाणा माणूस एकदा वाचलेलं पुस्तक परत नेत नाही."

"पण नेलंच तर? आमच्याकडे एकच पेशंट वर्षातून चारदा येतो. तोच माणूस, तेच दुखणं."

"म्हणजे तुम्ही नीट बरं करत नाही." मागे एक-दोघं हसले. सरांना चेव आला. "बाई, हे असले प्रश्न विचारता म्हणूनच तुम्ही इथे आहात. किती वेळा बसलात?"

"ही तिसरी, सर. पहिल्यांदा सत्तावीस पडले. दुसऱ्यांदा वर्षभर झोप मोडून अभ्यास केला, तरी सत्तावीसच."

"सातत्य आहे तुमच्यात," सर म्हणाले. "ते एक बरं."

आठवडाभर असंच चाललं. सर ग्रंथालय काढत, मुलं उतरवून घेत, आणि सरांनी "आता शाळेचं डिझाइन करा" म्हटलं की सातही जण शाळेत पुस्तकं नेणारे वाचक घालून ठेवत. एकाने तर शिक्षक परत करायची तारीखही लिहिली होती. जांभईने सगळी दुनिया एकाच तक्त्यात कोंबली: फोन एक, फोन दोन, फोन तीन, फोन असल्यास चार. "हा तक्ता नाही, हा माळा आहे," म्हणून सरांनी ती वही खिडकीतून बाहेर टाकली. वही वर्गातून बाहेर काढून ठेवलेल्या कुंडीत पडली. कुंडी रिकामीच होती, म्हणून वाचली.

दुसऱ्या आठवड्यात सरांचा घसा बसला. इतकी वर्षं वरच्या पट्टीत हिणवायचं म्हणजे गळ्यालाही मर्यादा असते. ते खुर्चीत बसले आणि हाताने सिस्टरला खूण केली. "या. तुम्हीच शिकवा. बघू आंधळ्यांची मिरवणूक कुठवर जाते."

सिस्टर उठली. तिने ग्रंथालय पुसलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा फळा त्या जागी काळा दिसला.

"मी वॉर्डात करते तसं सांगते हं," ती म्हणाली. "पेशंट आला की त्याचं नाव, वय, रक्तगट एकदाच लिहायचं. ते काही दर खेपेला बदलत नाही. पण त्याचं येणं वेगळं. आज ताप घेऊन आला, सहा महिन्यांनी पाय मोडून आला. पेशंट एक, येणं अनेक. मग येण्याचा तक्ता वेगळा, आणि कितव्यांदा आला ते त्यात लिहायचं. मी एवढंच लक्षात ठेवते: ज्याच्यापुढे 'परत' म्हणता येतं, त्याची दर वेळी नवीन ओळ."

शेवटच्या बाकावरची जांभई अर्ध्यात थांबली. तोंड उघडंच राहिलं, पण आतून आवाज आला, "म्हणजे सिस्टर, गिऱ्हाईक एक, हजामती अनेक?"

"अगदी बरोबर."

"आणि खुर्ची कुठली, कात्री कोणाची, ते हजामतीपुढे लिहायचं. गिऱ्हाइकापुढे नाही! पुढच्या वेळी दुसरी खुर्ची मिळेल ना त्याला!" तो बाकावरून उठून थेट फळ्यापाशी आला. "च्यायला, हे एवढंच होतं होय?"

मग जो तो आपापलं सांगू लागला. एकाच्या मामाचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान, एकीच्या आत्याची शिकवणी. माना वर आल्या, खडू हातोहात फिरू लागला. सर खुर्चीतून बघत होते. वर्षानुवर्षं ज्यांना त्यांनी दगड म्हटलं होतं, ते दगड एकमेकांशी वाद घालत होते, आणि बरोबर वाद घालत होते. एखाद्या चांगल्या शिक्षकाला अशा वेळी भरून आलं असतं. सरांना अपचन झालं.

"हजामतीच्या पायावर डिझाइन उभं करतायत," ते बसक्या आवाजात पुटपुटले. "सिद्धांत काही बदलत नाही."

पेपर काढताना त्यांनी मुद्दाम डूख धरला. ग्रंथालय नाही, शाळा नाही. मोटार दुरुस्तीचं गॅरेज. तीच मोटार त्याच बिघाडासाठी पुन्हा पुन्हा येते, मेकॅनिक बदलतो. सातांतले सात उताणे पडतील याची खात्री होती. पण पेपर पाठवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की सात उताणे पडले तर आठवे आपणच.

म्हणून त्या रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासताना तक्तेश्वरांनी आयुष्यात पहिल्यांदा बेरीज केली. सिस्टरच्या पेपरात तेरा, अकरा, चौदा, नऊ, अकरा. एकेका प्रश्नाला त्यांनी गुण असे दिले होते, जसे काही स्वतःचे दात उपटून देत होते. तरी बोटांवर मोजून झाले अठ्ठावन्न. पास व्हायला चाळीस लागत. जांभईचे त्रेचाळीस. सातांतले पाच पास.

"काय झालं?" बायकोने विचारलं. "चेहरा का असा? सगळे नापास?"

"पाच पास."

"मग चांगलं झालं की!"

"हो," सर म्हणाले, आणि एवढ्या दुःखी आवाजात विषय वाचल्याची बातमी आजवर कोणी दिली नसेल. विषय वाचला होता, सिद्धांत गेला होता.

सोमवारी कारकुनाने आकडे भरले आणि यादी छापून आणली. कारकून निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा माणूस. सरांनी यादीवर नजर टाकली. सातही नावांपुढे नापास. सिस्टर, सत्तावीस.

क्षणभर सरांच्या छातीत आनंदाची एक उकळी फुटली. सिद्धांत जिंकला! मग पाठोपाठ 'आपला विश्वासू' आठवलं आणि तोंडचं पाणी पळालं.

"अहो, अठ्ठावन्न आहेत तिला! मी मोजलेत!"

"मी अठ्ठावन्नाचेच आकडे भरले, सर."

"मग सत्तावीस कुठून आले?"

"गेल्या वर्षीही सत्तावीसच होते," कारकून म्हणाला. "त्याच्या आधीही. सगळ्यांचं तसंच असतं."

सर संगणकापुढे बसले. स्वतःच बांधलेल्या गुणांच्या तक्त्याकडे अकरा वर्षांनी पाहिलं. एक विद्यार्थी आणि एक विषय मिळून एक ओळ. कितव्यांदा बसला, याला जागाच नव्हती. पहिल्यांदा नापास झालेल्याची ओळ आत बसलेली. फेरपरीक्षेचे गुण आले की तक्ता म्हणे, ही जोडी आहे माझ्याकडे, दुसरी घेत नाही. आणि जुनी ओळ तशीच छापून देई.

सिद्धांत खरा ठरत होता, कारण सरांनी तो तक्त्यात खिळे ठोकून बसवला होता. त्या तक्त्यापुढे खुद्द सर गाडीच्या परीक्षेला बसले असते, तर आजही पायीच हिंडत असते.

दुसरा कोणी असता तर लाजेने खुर्चीत विरघळला असता. सर उठले ते कारकुनाचा हात धरून तडक प्रमुख बाईंच्या खोलीत.

"मॅडम, या माणसाच्या निष्काळजीपणामुळे अकरा वर्षं फेरपरीक्षेचे गुण नोंदलेच गेले नाहीत! तक्ता नकार देतो तेव्हा पडद्यावर तांबड्या अक्षरांत सूचना येते. आंधळ्यालाही दिसेल अशी! याने कधी सांगितलं नाही!"

बाईंनी कारकुनाकडे पाहिलं. "काका, तांबडी सूचना येते?"

"येते ना. दर फेरपरीक्षेला, दर नावाला येते."

"मग सरांना सांगितलं नाहीत?"

कारकून काही न बोलता बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक चिठ्ठी होती. संगणकाच्या पडद्याच्या कडेला इतकी वर्षं चिकटवलेली असल्यामुळे ती पिवळी पडली होती, चिकटपट्टी तपकिरी झाली होती. अक्षर मात्र ठसठशीत, सरांचं: 'तांबडी ओळ आली की एंटर दाबून पुढे जावे. मूर्ख प्रश्न विचारू नयेत.' खाली सही. त्या दिवशी पेन वाळलेलं नव्हतं.

"पहिल्याच वर्षी विचारलं होतं मी," कारकून म्हणाला. "तेव्हा दिलेली."

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. वर्गातल्या घड्याळाचे टोले ऐकू आले, दहा मिनिटं आधीच.

"जुन्या उत्तरपत्रिका?" बाईंनी विचारलं.

"रद्दीत द्या म्हणाले होते सर. मी कोठीच्या खोलीत ठेवल्यात. उंदरांनी एक गठ्ठा खाल्ला, बाकी आहेत."

दोन दिवस दोन शिक्षक बेरजा करत बसले. त्र्याऐंशी जण फेरपरीक्षेला बसले होते, चोपन्न पास होते. पत्रं गेली. ती पत्रं कार्यालयीन पत्रव्यवहाराच्या वर्गाने लिहिली आणि व्याकरणाची एकही चूक केली नाही. पुष्कळांनी उत्तरच दिलं नाही. एका माणसाने फोन केला. आता तो कुठल्याशा गोदामात माल उतरवून घेत होता. बाईंनी तो फोन सरांच्या कानाला लावला.

"मला तेव्हाच वाटलं होतं पेपर चांगला गेलाय म्हणून," तो म्हणाला. "पण सर इतक्या खात्रीने सांगायचे… म्हटलं, आपलंच डोकं नसेल."

सरांनी फोन बाईंना परत दिला तो दोन्ही हातांनी. बहुधा पहिल्यांदाच.

विषय वाचला, कारण सातांतले पाच पास होते. सिस्टरला तिचं पद मिळालं. राहिले सर. बाईंनी त्यांना काढलं नाही. त्या सरांच्याच हाताखाली शिकलेल्या, त्यामुळे त्यांना याहून चांगलं सुचलं होतं.

"सर, तक्ता दुरुस्त करून आणा. सोमवारी या सात जणांपुढे मांडा. त्यांनी पास केला, की तुम्ही पुन्हा वर्ग घ्यायचा."

"ते मला पास करणार?"

"विषय त्यांना येतो, सर. निकाल आहे माझ्याकडे."

सोमवारी तळमजल्यावरच्या खोलीत सर फळ्यापाशी उभे राहिले. सात जण बाकांवर, माना ताठ, आणि कडेच्या खुर्चीत प्रमुख बाई. सरांनी नवा तक्ता काढला: विद्यार्थी, विषय, आणि कितवी खेप. प्रत्येक खेपेची वेगळी ओळ. काढून झाल्यावर त्यांनी हात झटकले आणि जुन्या सवयीने म्हणाले, "समजलं? नाही सम…" आणि तिथेच गिळलं.

जांभईने आज एकदाही जांभई दिली नव्हती. त्याने मान डोलावली. मग सिस्टरने हात वर केला.

"सर, एक विचारू? उद्या कोणी आपला पेपर पुन्हा तपासून घेतला तर? खेप तीच, पेपर तोच, पण गुण नवे. ते कुठे लिहायचे?"

सरांचं तोंड 'मूर्ख' म्हणण्यासाठी उघडलं. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. विद्यार्थी, विषय, कितवी खेप. तीच तिघं पुन्हा आली, तर तक्ता ती आत घेणार नव्हता. तांबडी ओळ आली असती.

खडू मोडला. आज सरांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

"फेरतपासणीला 'परत' म्हणता येतं की, सर," सिस्टर हळूच म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं. सातही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. जांभईने समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं, दोनदा खाली रेघ मारली आणि तो कागद बाईंकडे दिला.

"पुढच्या सोमवारी परत या, सर," बाई म्हणाल्या.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काय हो, झालात पास?"

"पुढच्या सोमवारी परत बसायचंय."

तिने दोन मोजे जुळवून एकात एक गुंडाळले आणि बाजूला ठेवले.

"जाऊ दे, मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "तुमचं पाचव्यांदा होतंच."